जुन्या गाडीचं सेंटर लॉक: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

जुन्या गाडीचं सेंटर लॉक एका दिवसात बंद पडत नाही. आधी मागचं डावं दार कधीमधी लॉक व्हायचं राहतं, मग पावसाळ्यात दोन दारं राहायला लागतात, आणि शेवटी घरातले सगळे उतरल्यावर एक जण गाडीला प्रदक्षिणा घालत प्रत्येक हँडल ओढून बघतो. गॅरेजात नेलं की उत्तर बहुधा तयार असतं: "मोटर गेलीय, बदलावी लागेल." कधी ती खरोखर गेलेलीही असते. पण दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत आधी संशय घ्यायचा तो दोन जागांचा: दाराच्या बिजागरीपाशी तुटलेली वायर आणि ग्रीस सुकून जड झालेला लॅच (दार घट्ट धरून ठेवणारी आतली यंत्रणा). यातल्या कशालाच नवी मोटर लागत नाही. म्हणून मोटरवर सगळ्यात शेवटी यायचं.

हा लेख ज्यांनी दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. उदाहरणादाखल डोळ्यांसमोर सँट्रो, वॅगन आर, इंडिका, अल्टो, पहिली स्विफ्ट अशा १९९८ ते २००५ च्या सुमारास बाजारात आलेल्या गाड्या ठेवल्या आहेत. त्यांतल्या वरच्या व्हेरिएंटमध्ये सेंटर लॉक कंपनीकडून यायचं, आणि खालचं व्हेरिएंट घेणारे लोक ॲक्सेसरीच्या दुकानातून किट बसवून घ्यायचे. तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे हे आधी ओळखा, कारण पुढचा बराच शोध त्यावर ठरतो. किट असेल तर स्टिअरिंगखाली किंवा ड्रायव्हरच्या पायाशी, पॅनेलच्या आड, काळ्या प्लॅस्टिकचा एक छोटा डबा टायने बांधलेला किंवा स्क्रूने अडकवलेला सापडेल, आणि त्याच्या वायरी गाडीच्या मूळ वायरिंगपेक्षा वेगळ्या, वर टेप गुंडाळलेल्या दिसतील.

यंत्रणा काय आहे

दारातली लॉक मोटर ही १२ व्होल्टची साधी डीसी मोटर. तिला दोन वायरी. एकीला प्लस आणि दुसरीला मायनस मिळालं की तिची दांडी बाहेर येते, उलट मिळालं की आत जाते. दांडीला एक रॉड जोडलेला, आणि तो रॉड लॅचवरचा लॉकचा खटका हलवतो. झालं. बटण दाबलं की डब्यातला रिले (विजेवर चालणारा स्विच) टक् करून क्षणभर वीज सोडतो आणि लगेच बंद करतो. तो क्षण एका सेकंदापेक्षाही कमी असतो.

ड्रायव्हरच्या दाराची मोटर मात्र वेगळी. किटमध्ये तिला पाच वायरी असतात. दोन मोटर फिरवायला (बहुतेक किटांत निळी आणि हिरवी) आणि तीन तिच्या आतल्या स्विचच्या. तुम्ही किल्लीने किंवा आतल्या लॉकच्या खुंटीने ड्रायव्हरचं दार लॉक केलं की हा स्विच डब्याला कळवतो, आणि मग बाकीची दारं बंद होतात. थोडक्यात, ड्रायव्हरचं दार हुकूम देतं आणि बाकीची पाळतात. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

आधी बघा, ऐका. काही उघडू नका

हत्यारं बाहेर काढण्याआधी दहा मिनिटं नुसतं निरीक्षण करा. काच पूर्ण खाली घ्या, किल्ली खिशात ठेवा, इंजिन बंद. घरातली पोरं गाडीत खेळत असतील तर त्यांना आधी बाहेर काढा. बिघडलेलं लॉक आणि आत लहान मूल ही जोडी एक मिनिटही नको. एका माणसाला बटण दाबायला बसवा आणि तुम्ही एकेका दाराशी कान लावून उभे राहा.

एकही दार हलत नाही, आवाजही नाही? मग दारांकडे जाऊच नका. फ्यूज, बॅटरी, डब्याचं अर्थिंग किंवा ड्रायव्हरच्या दारातला स्विच, यांपैकी काहीतरी.

एकच दार गप्प आणि बाकीची चालू? त्या दाराची वायर किंवा मोटर. उघडताना-बंद करताना दार एखाद्या कोनात असलं की लॉक चालतं आणि एरवी नाही, असं दिसलं तर बिजागरीपाशी वायर तुटली आहे हे जवळजवळ नक्की समजा.

मोटरचा झूंऽ असा मोकळा आवाज येतो पण खुंटी हलत नाही? रॉड निसटला आहे, किंवा मोटरच्या आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं आहे. आवाज दबलेला, कण्हल्यासारखा येतो आणि खुंटी अर्धवट सरकते? लॅच जड झाला आहे किंवा मोटरला पुरेशी वीज पोचत नाही. अशा वेळी खुंटी हाताने दाबून बघा आणि शेजारच्या चांगल्या दाराच्या खुंटीशी ताडून पाहा. हाताला फरक कळतो.

सगळी दारं लॉक होऊन लगेच अनलॉक होतात? हा सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार, त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

खुंटीने किंवा किल्लीने सगळी दारं चालतात, फक्त रिमोटने नाही? मग तुमचं सेंटर लॉक ठणठणीत आहे. रिमोटचा सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा चपटा सीआर २०३२ असतो, पण जुन्या अलार्म किटांच्या काही रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बोटाच्या पेरापेक्षा छोटा नळकांडी सेल असतो. दुकानात जुना सेल दाखवूनच घ्या.

चाचणी करताना बटण सलग दहा-वीस वेळा दाबत बसू नका. अनेक मोटरांमध्ये तापल्यावर वीज अडवणारा भाग असतो. तो तापला की चांगली मोटरही मिनिटभर गप्प बसते आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत राहता.

बॅटरी आणि फ्यूज

मल्टिमीटर (वीज मोजायचा छोटा मीटर) डीसी २० व्होल्टवर लावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.५ च्या आसपास असावी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा. अशक्त बॅटरीवर लॉक आळशी होतं, आणि त्यापायी लोकांनी चारही मोटरा बदललेल्या आहेत.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. पात्याच्या फ्यूजला रंगावरून ओळखता येतं: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. नुसता डोळ्याने बघून सोडू नका, मीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावून बीप घ्या. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. किट असेल तर तिचा स्वतःचा वेगळा फ्यूज वायरीतच, डब्याजवळ किंवा बॅटरीच्या बाजूला लटकत असतो. तो फ्यूजबॉक्समध्ये नसल्यामुळे कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

उडालेला फ्यूज बदलला आणि तो पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालायचा मोह होतो. घालू नका. फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, तीही गालिच्याखाली. एकेका दाराचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) काढत जा. ज्या दाराचा काढल्यावर फ्यूज टिकतो, त्या दारात शॉर्ट.

फ्यूज ठीक आहे तरी डबा टक् करत नाही? त्याची अर्थची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने घट्ट केली आहे तिथे बघा. गंज चढलेला असेल तर पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून बोल्ट पुन्हा आवळा. समुद्राकाठच्या गाड्यांमध्ये, रत्नागिरी असो की पणजी, हे तर पहिल्यांदा बघावं.

बिजागरीची वायर

दार आणि खांब यांच्या मधे, बिजागरीच्या जवळ, सुरकुत्या असलेली एक रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा या वायरी त्याच ठिकाणी वाकतात, आणि काही वर्षांनी आतलं तांबं एकेक तार करून तुटतं. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडलं जातं, म्हणून तिथे हे सगळ्यात आधी होतं.

नळीचं एक टोक खांबातून हलकेच ओढून बाहेर काढा आणि मागे सारा. आता एकेक वायर दोन चिमटींत धरून जरा ताणा. चांगली वायर ताठ राहते. तांबं तुटलेली वायर रबरबँडसारखी लांबते, कारण ताण घेणारं आत काही उरलेलंच नसतं. हिरवट पडलेली, कडक झालेली वायरही बाद समजा.

जोड देताना इथे नेहमी एकच चूक होते: दोन टोकं पिळून टेप मारायची. ती जागा रोज वाकते, त्यामुळे असा जोड एखादा पावसाळासुद्धा काढत नाही. बरोबर पद्धत अशी. नळीच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे, म्हणजे दाराच्या आत आणि खांबाच्या आत, जिथे वाकणं नाही तिथे वायर कापा. मधला संपूर्ण तुकडा तेवढ्याच जाडीच्या, बारीक तारांच्या लवचीक नव्या वायरीने बदला. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. अनेक वायरी बदलायच्या असतील तर जोड एकाच रेषेत नकोत, पुढेमागे असू देत, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि नळी परत बसत नाही. सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर १० नंबरच्या पान्याने सोडवून ठेवा. आणि पिवळ्या वेष्टणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या; त्यांना मीटर नाही, लॅम्प नाही, हात नाही.

या कामाला सुटा रविवार लागतो. सामान किरकोळ: पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्लीव्ह, वायर, सोल्डर सगळं मिळतं.

मीटर खोटं का बोलतो

वायर डोळ्याला ठीक वाटली तर मोटरच्या कपलरवर वीज येते का ते बघायचं. इथे नवखा माणूस दोनदा फसतो.

एक म्हणजे, वीज क्षणभरच येते. डिजिटल मीटर तेवढ्यात आकडा पकडू शकत नाही. कधी ६ दाखवतो, कधी ९. त्यावरून "व्होल्टेज कमी येतंय" असा निष्कर्ष काढला की पुढचा सगळा शोध चुकतो. दुसरं असं की, पंचवीस तारांपैकी एकच शिल्लक असलेली वायरही मीटरवर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मोटर मात्र काही अँपिअर मागते, आणि ते त्या एका तारेतून येत नाहीत.

उपाय स्वस्त आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन वायरी जोडा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वायरीला खरं काम करावं लागतं. मोटरचा कपलर काढून तिच्या जागी हा बल्ब लावा आणि बटण दाबायला सांगा. लख्ख लुकलुकला तर वायरिंग चांगलं, दोष मोटरमध्ये किंवा लॅचमध्ये. मिणमिणला तर वायर. अजिबात नाही तर वायर किंवा डबा. फक्त लॉकला लागतो आणि अनलॉकला लागत नाही, असं असेल तर डब्यातल्या एका रिलेचा पॉइंट जळलेला असू शकतो. मग इतर दारांवरही तेच दिसेल.

आणखी एक सापळा. बरेच डबे बटण न दाबलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला जोडून ठेवतात. त्यामुळे कंटिन्युइटी बघितली की दोन्ही वायरी बॉडीशी बीप देतात आणि शॉर्ट झाल्यासारखं वाटतं. तो शॉर्ट नव्हे, रचनाच तशी आहे. शॉर्ट शोधायचा तर आधी डब्याकडचा कपलर काढा, मग बघा.

दाराचं पॅड उघडताना

आतल्या हँडलच्या मागे एक स्क्रू, आर्मरेस्टच्या खोबणीत एक-दोन, कधी छोट्या टोपीखाली लपलेले. काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे तारेची क्लिप असते. जुनं सुती फडकं हँडलमागे घालून दोन्ही टोकांनी आलटूनपालटून ओढलं की क्लिप उडते. उडते म्हणजे खरंच उडते, दुसऱ्या हाताने आडोसा धरा. मग पॅड खालच्या कोपऱ्यापासून सोडवायला घ्या. कपडा गुंडाळलेला चपटा पेचकस क्लिपच्या अगदी लगत घाला, मधेच घालून उचकटलंत तर पॅडचा पुठ्ठा फाटतो. सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून काढायचं. पॉवर विंडो असेल तर मागे स्विचचा कपलर आहे. पॅड वायरीवर लटकवू नका. जुन्या क्लिपा दोन-चार तरी तुटणारच, आधीच नव्या आणून ठेवा.

आत प्लॅस्टिकचा कागद चिकट काळ्या डिंकाने लावलेला असेल. तो फाडू नका, हळूहळू सोलून वर दुमडून ठेवा. पावसाचं पाणी काचेच्या रबरामधून दारात उतरतच असतं, ती काही गळती नव्हे; ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशी सोय केलेली असते. हा कागद ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. ज्या गाडीत मागच्या कारागिराने तो काढून फेकलेला असतो, तिथे पायाखालचा गालिचा ओला होतो. दार उघडंच आहे तर तळाची भोकं तारेने मोकळी करून घ्या; चिखल आणि पानांनी ती बुजलेली असतात आणि मग तळ्यात उभ्या असलेल्या कपलरला गंज चढतो.

लॅच, रॉड आणि शेवटी मोटर

मोटरचा रॉड सुटा करा आणि लॅचचा खटका बोटाने हलवा. एका बोटाने सहज सरकला पाहिजे. जोर लागत असेल तर मोटरचा दोष नाही. लॅचवर क्लीनर स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशने काळं झालेलं ग्रीस काढा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. डब्ल्यूडी-४० सफाईला छान, पण ग्रीसची जागा ते घेत नाही. उडून जातं आणि लॅच पुन्हा कोरडा. खोबरेल तेल तर नकोच. आपल्याकडे ते सगळ्याला लावायची सवय आहे, पण थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड.

लॅच तपासायला दार लावायची गरज नाही. दार उघडं ठेवून पेचकसाने लॅचचा आकडा बंद स्थितीत ढकला आणि लॉक-अनलॉक करून बघा. झाल्यावर हँडल ओढून आकडा परत सोडवायला विसरू नका. तसंच दार आपटलं तर आकडा खांबावरच्या कडीवर आदळतो आणि नवाच बिघाड होतो.

आता रॉड. कंपनीच्या गाडीत तो प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपने धरलेला असतो आणि क्लिप वयाने ठिसूळ होते. बाजारच्या किटमध्ये दोन रॉड एका बारीक पितळी किंवा लोखंडी जोडाने, दोन स्क्रूंनी आवळलेले असतात. दार आपटून आपटून हे स्क्रू ढिले पडतात, रॉड घसरतो, आणि मोटर पूर्ण फिरूनही खटका अर्धाच सरकतो. स्क्रू आवळला की काम झालं. "मोटर गेली" म्हणून सांगितलेल्या दारात मी आधी हेच बघतो.

दारं लॉक होऊन लगेच उघडतात, त्याची मुळं पुष्कळदा इथेच असतात. ड्रायव्हरच्या मोटरची दांडी पूर्ण टोकापर्यंत जात नसेल, रॉड घसरल्यामुळे किंवा लॅच जड झाल्यामुळे, तर तिच्या आतला स्विच "लॉक झालं" असं कळवायच्या ऐवजी मधेच अडकतो, आणि डबा ते "अनलॉक करा" असं समजतो. रात्री गाडी उभी असताना आपोआप खटखट होते तीही बहुधा याच झिजलेल्या स्विचमुळे. पाचपैकी स्विचच्या तीन वायरींचा कपलर काढा आणि रिमोटने लॉक करून बघा. उड्या थांबल्या तर चोर सापडला.

हे सगळं निस्तरलं तरी दार गप्प असेल तर मोटर थेट तपासा. बॅटरीवरून फ्यूज घातलेली वायर आणा, मोटरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, मग उलट करून टेकवा. एका सेकंदाहून जास्त धरू नका, मोटर जळेल. दोन्हीकडे दांडी जोमाने गेली तर मोटर चांगली आहे. एकीकडेच गेली, रडतखडत गेली किंवा गेलीच नाही तर बदला. दोन वायरींची मोटर काही शे रुपयांत येते. पुण्यात नाना पेठेत जुनी मोटर हातात घेऊन जा आणि दांडीची हालचाल किती होते, स्क्रूची भोकं कुठे आहेत, हे ताडून घ्या. दोन वायरींच्या जागी पाच वायरींची चालते, उरलेल्या तीन वायरींची टोकं टेपने वेगवेगळी झाकायची. ड्रायव्हरच्या दारात मात्र पाच वायरींच्या जागी दोनची घातली तर हुकूम देणारंच कोणी उरत नाही. बसवल्यावर लॉकला अनलॉक आणि अनलॉकला लॉक होत असेल तर घाबरू नका, दोन वायरींची अदलाबदल करा.

पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून रॉडला किंवा वायरीला कुठे घासत नाही ना ते बघा. दार बंद करून आतून, बाहेरून, किल्लीने आणि बटणाने उघडून पाहा. मागच्या दारात चाइल्ड लॉक चुकून चढलं नाही ना तेही.

डब्याचाच दोष निघाला तर किटच्या गाडीत नवा डबा घालणं सोपं आहे. कंपनीच्या सेंटर लॉकमध्ये मात्र काही गाड्यांत तोच डबा इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किंवा अलार्मही सांभाळतो, म्हणून तिथे थांबा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. त्याला "सेंटर लॉक चालत नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या दारावर बल्ब लागला, कुठल्यावर नाही, लॉकला की अनलॉकला, हे कागदावर लिहून द्या. तरी त्याने मोटरच बदलायची म्हटलं, तर ती आधी तुमच्यासमोर थेट बॅटरीवर लावून दाखवायला सांगा.